सावित्रीबाई आणि प्लेगचा जिवाणू

१० मार्च १८९७ रोजी रात्री पुण्याजवळ सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ६६ वर्षांचे होते आणि मृत्यूचे कारण होते प्लेग. शालेय पाठ्यपुस्तकापासून जयंतीच्या भाषणापर्यंत हे वाक्य सर्वत्र येते आणि बहुधा तिथेच थांबते. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांना संसर्ग झाला, एवढे आपल्याला ठाऊक असते. मात्र तो संसर्ग म्हणजे नेमके काय, एका सुईच्या अग्रावर हजारोंनी मावतील असे जिवाणू धडधाकट माणसाला तीन-चार दिवसांत कसे संपवतात, शरीराचे रक्षक त्या वेळी काय करत असतात, हे प्रश्न चरित्रग्रंथांच्या कक्षेबाहेर राहतात. गेल्या काही दशकांत पेशीविज्ञानाने त्यांची बरीचशी उत्तरे शोधली आहेत. ती समजून घेतली की सावित्रीबाईंच्या अखेरच्या कृतीचे मोल अधिकच स्पष्ट होते.

नायगाव ते पुणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे झाला. आज हे गाव सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यात, शिरवळपासून जवळ आहे. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील, आई लक्ष्मीबाई. १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी, त्यांचा विवाह तेरा वर्षांच्या जोतीरावांशी झाला. जोतीरावांचे पूर्वज गोऱ्हे घराण्याचे, मूळचे सातारा जिल्ह्यातीलच खटाव तालुक्याच्या कटगुणचे. पुढे हे घराणे पुण्यात येऊन फुलांच्या व्यवसायात स्थिरावले आणि फुले म्हणून ओळखले जाऊ लागले. अशा रीतीने महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासातील या सर्वांत महत्त्वाच्या दांपत्याची माहेर आणि सासर अशी दोन्ही मुळे साताऱ्याच्या मातीत आहेत.

विवाहाच्या वेळी सावित्रीबाई निरक्षर होत्या. जोतीरावांनी त्यांना शिकवले. पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षणही घेतले. १८४८ मध्ये पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सतरा वर्षांच्या सावित्रीबाई शिक्षिका म्हणून वर्गात उभ्या राहिल्या. शाळेच्या वाटेवर अंगावर शेण आणि खडे फेकले जात. शाळेत पोहोचल्यावर बदलण्यासाठी त्या दुसरे लुगडे सोबत नेत, ही आठवण सर्वपरिचित आहे. लोकनिंदेच्या भयाने सासऱ्यांनी दोघांना घराबाहेर काढले, तरी शाळा थांबल्या नाहीत. १८५१ मध्ये चिपळूणकर वाड्यात आणि रास्ता पेठेत, तर १८५२ मध्ये वेताळ पेठेत आणखी शाळा निघाल्या. १८५४ मध्ये त्यांचा 'काव्यफुले' हा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला.

सावित्रीबाईंची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांपैकी दोन साताऱ्याच्या मुलखातून, नायगावहून लिहिलेली आहेत. १८५६ मध्ये आजारपणामुळे त्या माहेरी होत्या. महार-मांगांसाठी तुम्ही नवराबायको जे करता त्यामुळे कुळाला बट्टा लागतो, असा भावाचा आक्षेप होता. सावित्रीबाईंनी त्याला शांतपणे, पण चांगलेच सुनावले. शेळी-गाईला तो कुरवाळतो, नागपंचमीला विषारी नागाला दूध पाजतो आणि माणसाला मात्र अस्पृश्य मानतो, याकडे त्यांनी त्याचे लक्ष वेधले. १८६८ च्या पत्रात एका ब्राह्मण तरुणाची आणि महार मुलीची हकिगत आहे. त्यांच्या प्रेमसंबंधाचा सुगावा लागताच गावकरी दोघांना मारहाण करत गावातून फिरवू लागले. जीव घेण्यापर्यंत वेळ आली, तेव्हा सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालून त्यांनी जमावाला मागे सारले आणि दोघांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवून दिले.

या दोन्ही प्रसंगांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे स्पर्शाची भीती. कोणाच्या स्पर्शाने काय विटाळते याविषयीच्या समजुतींवर त्या काळचा समाज उभा होता आणि सावित्रीबाईंचे सारे आयुष्य या समजुतींशी झुंजण्यात गेले. घरच्या पाण्याचा हौद त्यांनी आणि जोतीरावांनी अस्पृश्यांसाठी खुला केला. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे आपल्या घरात केली. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले, वाढवले आणि डॉक्टर केले.

जोतीरावांना १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन चालू लागल्या. त्यांनीच पतीच्या चितेला अग्नी दिला. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाची धुराही नंतर त्यांनी सांभाळली. १८९३ मध्ये सासवडला भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते.

महामारीचे आगमन

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. काही आठवड्यांतच रेल्वेमार्गाने रोग पुण्यात शिरला आणि वर्षअखेरीस शहरात मृत्यूंचे सत्र सुरू झाले. त्याच सुमारास दुष्काळही पडला होता. उपाशी माणसे आणि उघड्यावरचे धान्य, त्या धान्यामागे धावणारे उंदीर आणि दाटीवाटीची अंधारी घरे असे सारे जुळून आले होते.

४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा संमत केला. सव्वाशे वर्षांनी, कोविडच्या काळात, याच कायद्याचा आधार पुन्हा घेतला गेला. पुण्यात प्लेग कमिटीचे प्रमुख म्हणून वॉल्टर चार्ल्स रँड यांची नेमणूक झाली. त्यापूर्वी ते साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होते आणि वाईच्या वाद्य प्रकरणामुळे त्यांचे नाव त्या भागात अप्रिय झाले होते. मार्चच्या मध्यापासून गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या घेण्यास सुरुवात केली. लोकांचा संताप वाढत गेला आणि २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली, हा इतिहास सर्वश्रुत आहे.

सावित्रीबाईंचे कार्य या झडत्या सुरू होण्यापूर्वीचे. लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या यशवंताला त्यांनी बोलावून घेतले आणि शहराबाहेर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना सुरू केला. सरकारी इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, या धास्तीने लोक रोगी घरात लपवून ठेवत होते. अशा वेळी आपल्यातल्याच माणसांनी उघडलेला हा दवाखाना होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या. मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी दवाखान्यात पोहोचवले. या धावपळीत त्यांनाही संसर्ग झाला आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

त्या वेळी काय ठाऊक होते?

१८९७ च्या मार्चमध्ये वैद्यकशास्त्राची स्थिती काय होती, हे पाहणे उद्बोधक आहे. प्लेगचा जिवाणू तीन वर्षांपूर्वीच, जून १८९४ मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येर्सिन यांनी शोधला होता. आज त्यांच्याच नावावरून त्याला येर्सिनिया पेस्टिस म्हणतात. जपानचे कितासातो यांनीही त्याच सुमारास तिथे संशोधन केले होते. मात्र हा जिवाणू माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे कोणालाच माहीत नव्हते. घाण, दमट जमीन, दूषित हवा, कपडे, धान्य अशा सर्वांवर संशय होता. उंदरावरची पिसू हा रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोगाने दाखवले ते १८९८ च्या जूनमध्ये, सावित्रीबाईंच्या निधनानंतर सव्वा वर्षाने. त्यावरही अनेक वर्षे कोणी विश्वास ठेवला नाही. घरे धुणारे, सामान जाळणारे आणि माणसांना उचलून नेणारे प्रशासन खऱ्या शत्रूला ओळखतच नव्हते. घर उद्ध्वस्त झाले की उंदीर शेजारच्या घरात जात आणि पिसवाही त्यांच्याबरोबर जात.

लस मात्र नुकतीच जन्मली होती. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत जिवाणू वाढवून, उष्णतेने मारून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. पुण्याच्या मळ्यातील दवाखान्यापर्यंत ती पोहोचण्यास अवकाश होता. जिवाणूंना शरीरात मारणारे औषध तर जगात कुठेच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागायला १९४३ साल उजाडावे लागले.

हाफकिन हे इल्या मेचनिकॉव्ह यांचे शिष्य होते. मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे ताराम्याशाच्या पारदर्शक अळीत एक काटा टोचला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिले. अळीच्या शरीरातील फिरत्या पेशी काट्याकडे सरकत गेल्या आणि त्याच्याभोवती गोळा झाल्या. शरीरात परकी वस्तू शिरली की काही पेशी चालत तिच्याकडे जातात आणि तिला गिळून टाकतात, हा सिद्धांत या निरीक्षणातून उभा राहिला. या पेशींना भक्षक पेशी म्हणतात. या शोधासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. प्लेगचा जिवाणू याच चालत्या पेशींवर घाव घालतो, हे मात्र उलगडायला जवळपास आणखी एक शतक जावे लागले.

पेशी चालते कशी?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींना हात-पाय नसतात. तरीही त्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडतात, ऊतींमधून वाट काढतात आणि जखमेपाशी पोहोचतात. अजिंक्यताऱ्याची अवघड चढण चढणारा माणूस आधी पुढचा पाय टाकतो, तो खडकात घट्ट रोवतो, अंग वर ओढतो आणि मग मागचा पाय सोडवतो. पेशीही असेच करते. तिच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक तंतू असतात. पुढच्या बाजूला हे तंतू वाढू लागले की पेशीचे आवरण पुढे ढकलले जाते आणि पातळ पदरासारखा भाग तयार होतो. तो भाग खालच्या पृष्ठभागाला चिकटतो. मग मागची बाजू आकुंचन पावते आणि सारी पेशी पुढे सरकते.

कोणत्या बाजूला तंतू वाढवायचे, कुठे चिकटायचे, कधी आकुंचन पावायचे, हे ठरवणारी काही छोटी प्रथिने आहेत. रो, रॅक आणि सीडीसी-४२ ही त्यांची नावे. विजेच्या बटणासारखी ती चालू किंवा बंद अशा दोन अवस्थांत असतात. ढोबळमानाने सांगायचे तर रॅक पुढचा पदर पसरवते, सीडीसी-४२ दिशा सांभाळते आणि रो मागची बाजू आकसून घेते. जिवाणू गिळताना त्याच्याभोवती आवरण गुंडाळण्याचे कामही हीच यंत्रणा करते. म्हणजे भक्षक पेशीचे चालणे आणि खाणे ही एकाच यंत्राची दोन कामे आहेत. ते यंत्र बंद पाडले की शरीराचा पहारेकरी जागच्या जागी खिळतो.

या बटणांचा शोध लागण्यात जिवाणूंच्या विषांचाच मोठा वाटा आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे सी-३ नावाचे विकर रो प्रथिनाला निकामी करते. ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी १९९२ मध्ये लंडनमध्ये याच विकराचा उपयोग साधन म्हणून केला आणि पेशीतील ॲक्टिनच्या जाड दोऱ्या रो प्रथिनामुळे तयार होतात, हे दाखवले. प्रतिजैविकांच्या अतिवापरानंतर आतड्यात बळावणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूची विषेही याच प्रथिनांवर साखरेचा रेणू चिकटवून त्यांना बंद पाडतात. वेगवेगळ्या जिवाणूंनी स्वतंत्रपणे हेच मर्मस्थान हेरले, यावरून शरीराच्या संरक्षणात पेशींच्या हालचालीला किती महत्त्व आहे, हे ध्यानात येते.

स्वतः न हलणारा शत्रू

येर्सिनिया पेस्टिस हा जिवाणू स्वतः हलू शकत नाही. पोहण्यासाठी लागणारी शेपटी त्याच्याकडे नाही. पिसू, उंदीर आणि माणूस त्याला नेतील तिथे तो जातो. पिसवेच्या अन्ननलिकेत तो चिकट थर करून वाढतो आणि तिची वाट बुजवतो. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते. रक्त आत जात नाही, उलट जिवाणूंसह बाहेर येते आणि जखमेत शिरते.

पिसवेच्या शरीराचे तापमान भोवतालच्या हवेइतके असते. माणसाच्या अंगात शिरताच जिवाणूला ३७ अंशांची ऊब मिळते आणि ती त्याच्यासाठी इशारा ठरते. आतापर्यंत निद्रिस्त असलेली जनुके जागी होतात. त्याच्याभोवती प्रथिनांचे एक वेष्टन तयार होते, ज्यामुळे त्याला गिळणे कठीण होते. बाह्य आवरणाची रचनाही अशी बदलते की शरीराची धोक्याची घंटा लवकर वाजत नाही. शिवाय त्याच्या पृष्ठभागावर इंजेक्शनच्या सुईसारख्या पोकळ नळ्या उगवतात.

एखादी भक्षक पेशी जवळ आली की जिवाणू या नळीतून आपली विषारी प्रथिने थेट तिच्या आत सोडतो. या प्रथिनांना 'यॉप' असे नाव आहे. स्वीडनमधील उमेओ येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात, येर्सिनिया कुळातील एका जिवाणूवर काम करताना, हा प्रकार उघडकीस आणला. यॉप-ई हे प्रथिन रो, रॅक आणि सीडीसी-४२ ही बटणे भराभर बंद करते. यॉप-टी त्याच प्रथिनांना पेशीच्या आवरणाशी बांधून ठेवणारा स्निग्ध धागा कापते, त्यामुळे ती जागेवरून सुटतात. यॉप-एच पेशीने रोवलेला पाय उखडते, म्हणजे पृष्ठभागाला चिकटून राहण्यासाठी लागणारे रासायनिक संकेत पुसून टाकते. चौथे, यॉप-ओ, थेट ॲक्टिनलाच धरते. यॉप-जे तर काही पेशींना मृत्यूच्याच वाटेला लावते. पेशी गोल होते, तिचे पदर आकसतात आणि समोरचा जिवाणू तिला गिळता येत नाही.

जिवाणू वाटेल त्या पेशीवर हे अस्त्र चालवत नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २००५ मध्ये प्लेग झालेल्या उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, जिवाणूंनी प्रामुख्याने भक्षक पेशींनाच टोचले होते. ज्यांनी रोग रोखायचा, नेमक्या त्याच पेशी आधी पांगळ्या केल्या जातात.

पुढचा क्रम त्या काळच्या पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिला होता. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून जांघेतील लसीकाग्रंथी सुजते. हाताला चावली तर काखेत गाठ येते. जिवाणूंनी भरलेली, असह्य दुखणारी हीच ती प्लेगची गाठ. एक ते सात दिवसांत थंडी वाजून ताप चढतो. गाठीतून जिवाणू रक्तात उतरले की त्यांच्या आवरणातील अंतर्विष साऱ्या शरीरात पसरते, रक्तदाब कोसळतो आणि इंद्रिये निकामी होऊ लागतात. फुप्फुसे ग्रासली गेली तर खोकल्याच्या तुषारांतूनही रोग पसरतो. उपचार न झाल्यास गाठीच्या प्लेगमध्ये साधारण निम्मे रोगी दगावतात. फुप्फुसाच्या प्लेगमधून जवळपास कोणीच वाचत नाही. रोग्याला उचलणारा, त्याचे कपडे बदलणारा, त्याच्या उशाशी बसणारा माणूस पिसू आणि तुषार या दोन्हींच्या टप्प्यात असतो. सावित्रीबाई आणि यशवंत रोज तिथेच होते.

सातारा आणि सांगलीचा मुलूख

प्लेग पुण्यात थांबला नाही. पुढील काही वर्षांत सातारा जिल्ह्याला त्याने वारंवार झोडपले. त्या काळच्या सातारा जिल्ह्यात वाळवे, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीतले तालुकेही होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. गावात उंदीर मरून पडू लागले की लोक घरांना कुलपे लावून रानात झोपड्या घालून राहत. शास्त्रज्ञांचे वाद मिटण्याआधीच या शेतकऱ्यांनी अनुभवातून योग्य उपाय शोधला होता. उंदरांपासून दूर गेले की पिसवांपासूनही सुटका होत असे. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून सुरू होते. पण औषधच नव्हते, तेव्हा कुशल डॉक्टरांच्या हातीही शुश्रूषेपलीकडे फारसे काही नव्हते. या साथीच्या तीन-चार दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

याच मुलखात सत्यशोधक विचारही रुजला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंक्तीत बसवले. नायगावच्या लेकीने पुण्यात सुरू केलेले काम अशा रीतीने तिच्या माहेरच्या जिल्ह्यात परत आले.

यशवंताची कहाणीही इथे सांगायला हवी. आईच्या निधनानंतर त्यांनी पुन्हा लष्करी सेवा पत्करली. १९०५ मध्ये प्लेगची साथ पुन्हा उसळली, तेव्हा ते रोग्यांच्या सेवेसाठी परतले आणि १३ ऑक्टोबर १९०५ रोजी त्याच रोगाने त्यांचाही बळी घेतला. आई आणि मुलगा, दोघांच्याही मृत्यूचे कारण एकच आणि त्यामागचे कार्यही एकच.

स्पर्श आणि संसर्ग

आज प्लेगवर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी औषधे आहेत. पहिल्या एक-दोन दिवसांत ती सुरू झाली तर बहुतेक रोगी बरे होतात. १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची भीती पसरली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले, तेव्हा साथ आटोक्यात आली ती प्रतिजैविकांमुळेच. मादागास्करमध्ये आजही अधूनमधून रोगी आढळतात. नव्या लसींच्या प्रयोगांत जिवाणूचे वेष्टन आणि त्याच्या सुईच्या टोकावरील एक प्रथिन यांचा वापर केला जातो. सुईच्या टोकालाच प्रतिपिंडे चिकटली तर विष पेशीत उतरत नाही आणि भक्षक पेशी चालती राहते. हाफकिन यांच्या लसीमागचा विचार आता रेणूंच्या पातळीवर उमगू लागला आहे.

सावित्रीबाईंना यातले काही ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. मात्र हा रोग जीवघेणा आहे आणि तो रोग्याजवळ असणाऱ्यांना गाठतो, हे त्यांना नक्कीच ठाऊक होते; त्या साऱ्या शहराने ते पाहिले होते. ज्या समाजाने त्यांना आयुष्यभर माणसाच्या स्पर्शाने विटाळ होतो असे बजावले, त्याचा खोटेपणा त्यांनी शाळेत, हौदावर आणि बाळंतिणीच्या खोलीत सिद्ध केला होता. विटाळ ही कल्पना होती. प्लेगचा संसर्ग मात्र वास्तव होता. यातला फरक त्यांना कळत होता आणि तो कळत असूनही त्यांनी मुंढव्याच्या त्या मुलाला पाठीवर घेतले. भीती खोटी असताना न डगमगणे एक वेळ सोपे असते, पण धोका खरा असताना पाऊल मागे न घेणे फार थोड्यांना जमते.

पुणे विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचे नाव आहे. दर वर्षी ३ जानेवारीला नायगावच्या स्मारकापाशी मोठी गर्दी होते. आद्य शिक्षिका म्हणून त्यांचे स्मरण होते आणि ते योग्यच आहे. पण साथीच्या काळात रुग्णाच्या उशाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येक परिचारिकेची, आशा कार्यकर्तीची आणि डॉक्टरची पूर्वसूरी म्हणूनही त्यांच्याकडे पाहायला हवे. कोविडच्या पहिल्या लाटेत घरमालकांनी परिचारिकांना खोल्या सोडायला लावल्याच्या बातम्या आपण वाचल्या. विषाणू नवा होता, पण ती वृत्ती जुनीच होती. तिच्याशी झगडण्याचा धडा नायगावच्या या लेकीने १८९७ मध्येच घालून दिला होता.